गड्याचा उजवा हात

आमच्या गड्याकडे ढाल नव्हती. पुढचं सगळं त्यावरून झालं, म्हणून ते आधी सांगतो.

गडी म्हणजे संगणकावरच्या खेळातला. साल दोन हजार चार. मी सातपूरच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासायचो. दांडा पंचवीस मिलिमीटरचा सांगितला असेल तर तो पंचवीसचाच आहे का, हे बघायचं आणि सही करायची. तपासणीचे तक्ते घरी करता यावेत म्हणून मी संगणक घेतला. महात्मा गांधी रोडवरच्या दुकानदाराने त्याबरोबर चार-पाच सीडी दिल्या, त्यांत एक हा खेळ होता. भुयारं, राक्षस, जादूगार, तलवारी. आपण एक माणूस निवडायचा आणि त्याला वाढवत न्यायचं. राक्षस मारत गेलं की गडी एकेक लेव्हल वर चढतो आणि दर लेव्हलला पाच पॉइंट मिळतात. ते ताकदीत घालायचे, चपळाईत की आयुष्यात, हे आपण ठरवायचं. एकदा घातलेला पॉइंट परत काढता येत नाही.

मी दोन संध्याकाळी खेळलो, मेलो आणि कंटाळलो. माझी बायको मागे उभी राहून बघत होती. तिसऱ्या दिवशी कामावरून आलो तर ती खुर्चीत बसलेली होती आणि माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला गेलेला होता.

ती डावखुरी आहे. माहेर येवल्याचं, वडील पैठणी विणायचे. लहानपणी तिने डाव्या हाताने जेवू नये म्हणून चुलती तिच्या हाताला चिंधी बांधून ठेवायची. शाळेत डाव्या हातात पेन्सिल दिसली की पट्टी. फक्त मागावर बसली की तिला कुणी बोलत नसे, कारण आडवं सूत नेणारा धोटा एकदा या हाताने फेकावा लागतो आणि एकदा त्या. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा ती सगळं उजव्या हाताने करत होती. माझ्या आईला तर दोन वर्षं पत्ताही नव्हता.

आईने तिला संगणकासमोर बघितलं तेव्हा म्हणाली, "अगं, डाव्या हाताने काय उंदीर हाकतेस?"

"आई, उंदराला काय कळतंय कुठला हात ते," बायको म्हणाली.

देवाचं नाही, ताटातलं नाही, तर चालेल, असं आईने मनाशी ठरवलं असावं.

बायकोने लढवय्या निवडला. त्याला एका हातात तलवार आणि दुसऱ्यात ढाल देता येते, किंवा दोन्ही हातांत तलवारी. मी तिला हिशेब करून दाखवला. ढाल असली तर शंभर वारांतले चाळीस अडतात. ढाल नसेल तर शंभरच्या शंभर अंगावर.

"एका हाताने काम करायचं आणि दुसऱ्याने नुसतं धरून उभं राहायचं, हे मला नाही पटत," ती म्हणाली. "दोन तलवारी."

सुरुवातीलाच एक चौकोन होता. त्यावर खूण केली तर गडी एकदा मेला की कायमचा संपतो. पुन्हा उठत नाही, दहा महिने खेळलेला असला तरी. मी तो चौकोन कधीच निवडला नसता. तिने निवडला. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "दुसरा असेल तर मी पहिल्याकडे लक्ष देणार नाही."

तेव्हापासून आम्ही वाटणी केली. माऊस तिच्याकडे, म्हणजे चालणं आणि मारणं. कीबोर्ड माझ्याकडे, म्हणजे जखम झाली की लाल औषधाची बाटली पाजणं. पॉइंट कुठे घालायचे हेही माझ्याकडे. ते तिने मला दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेतून या खेळाचे नियम छापून आणले, सोळा पानं, इंग्रजीत. त्यावरून एक तक्ता केला. रविवारी दुपारी दोन ते पाच, आणि इतर दिवशी संध्याकाळी वीज असेल तर तासभर, असे आम्ही बसायचो.

तिसाव्या लेव्हलला गड्याला त्याचं मुख्य कसब मिळालं. उजवा, डावा, उजवा, डावा असे न थांबता वार. वार लागत राहिले की वेग चढतो, सहा सेकंद एकही लागला नाही की उतरतो. छापील पानांत एक नियम ठळक होता. या कसबात वेग धरला जातो तो फक्त उजव्या हातातल्या शस्त्राचा. त्यामुळे उजव्या हातात हलकी, बारीक तलवार द्यायची आणि डाव्यात जड, रुंद तलवार. मग जड तलवारही हलकीच्या वेगाने फिरते. अशी जोडी लावली की चपळाई न वाढवताही दहा सेकंदांत पंचवीस वार. त्याच्या वर खेळ कुणालाच जाऊ देत नाही.

मला हे फार आवडलं. गड्याच्या सामानाचं पान उघडलं. मध्ये त्याची उभी आकृती आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक चौकट. उजव्या चौकटीत बारीक तलवार ठेवली, डाव्या चौकटीत रुंद. मग घड्याळ लावून वार मोजले.

पंधरा.

पुन्हा मोजले. पंधरा. तिसऱ्यांदाही पंधराच.

कारखान्यात आमचा एक शिरस्ता होता. माप चुकलं की आधी ड्रॉइंग बघायचं, मग मापाचं साधन, आणि सगळ्यात शेवटी माणूस. मी ड्रॉइंग बघितलं नाही. तलवारी मी स्वतः लावल्या होत्या, त्या बरोबरच असणार. साधन तपासलं. घड्याळ बरोबर होतं. संगणक संथ असेल म्हणून त्यात मेमरी वाढवून घेतली. पंधराच. मग उरला माणूस. मी खुर्चीत बसलो, माऊस उजवीकडे घेतला आणि स्वतः तीन वेळा मोजलं. पंधरा, सोळा, सोळा.

"बघ," मी म्हणालो. "उजव्या हाताने जास्त येतात."

"एकच जास्त आहे."

"एक का होईना. हात बदलल्यावर फरक पडला, एवढं खरं."

दहा सेकंदांच्या मोजणीत शेवटचा वार आत धरायचा की बाहेर, एवढ्यानेच एकाचा फरक पडतो. कारखान्यात एवढ्या फरकावरून मी एक दांडाही परत पाठवला नसता. घरात मी बायकोचा हात नापास केला.

तिने माऊस उचलून उजव्या बाजूला ठेवला. मार्च, एप्रिल आणि अर्धा मे ती उजव्या हाताने खेळली. वार पंधराच येत होते. मी म्हणायचो, सवय होईल. आणि तूट भरून काढायला दर लेव्हलचे पाचही पॉइंट चपळाईत घालत गेलो. तिसाव्या लेव्हलपासून छप्पन्नाव्यापर्यंत, सव्वीस लेव्हल, एकशे तीस पॉइंट. त्याने पंधराचे वीस झाले. ते आयुष्यात घातले असते तर एका पॉइंटला तीन या दराने तीनशे नव्वद आयुष्य वाढलं असतं. पण पंचवीसच्या जवळ जाणं मला महत्त्वाचं वाटत होतं.

मे महिन्यात दलदलीत गडी मरता मरता वाचला. चिखलातून चार जणांनी घेरलं, तिला बाहेर पडायची वाट दिसत होती, पण उजवा हात भलतीकडेच गेला. मी बाटली पाजली तेव्हा आयुष्य सात उरलं होतं. तिने खेळ बंद केला. हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"हात दुखतो माझा," ती म्हणाली आणि माऊस परत डावीकडे ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वार मोजले. वीस. उजव्या हाताने वीस होते, डाव्यानेही वीस. मी तक्त्यात आकडा लिहिला आणि पुढे गेलो. तिथे तरी थांबायला हवं होतं.

सप्टेंबरपर्यंत गडी बहात्तराव्या लेव्हलला पोचला. छप्पन्नाव्यानंतरचे पॉइंट आयुष्यात घातले होते, ते आता अकराशे दहा. आता एकच लढाई राहिली होती. भुयाराच्या तळाशी एक अजस्र पाल होती, आग ओकणारी. आम्ही तिला एकदा दारातून बघून परत आलो होतो. बायकोने ठरवलं की गौरी-गणपती झाले की पुढच्या रविवारी उतरायचं. ती रोज एकदा तरी तो विषय काढायची. भाजी निवडताना विचारायची, मान वर केल्यावर पाल किती वेळाने आग टाकते? दीड सेकंद, मी सांगायचो. ती मान हलवायची आणि पुन्हा शेंगा मोडायला लागायची. एखाद्या गोष्टीत तिला इतकं गुंतलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. तो गडी तिने वाढवला होता, पहिल्या उंदराएवढ्या राक्षसापासून. त्या गड्याला काही होऊ नये, एवढीच तिची त्या दिवसांतली इच्छा होती, आणि तरी तिला उतरायचंच होतं.

गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी आम्ही तिघं मूर्ती ठरवायला मैदानातल्या मांडवात गेलो. आमच्या घरी डाव्या सोंडेचाच गणपती लागतो. उजव्या सोंडेचा कडक असतो, त्याचं सोवळं-ओवळं आपल्याच्याने होत नाही, असं आईचं म्हणणं. बायकोने एक मूर्ती उचलली. शेंदरी पितांबर, डोळे चांगले काढलेले.

"ही नको," मी म्हणालो. "उजवी सोंड आहे."

आईने चष्मा वर केला. "कुठे उजवी?"

"ही काय, उजवीकडे वळलीय."

"तुझ्या उजवीकडे," आई म्हणाली. "देवाची उजवी बघायची असते. तो आपल्याकडे तोंड करून बसलाय ना? मग त्याची उजवी आपल्या डाव्या अंगाला. ही डावी सोंड आहे. घे गं, चांगली आहे."

विक्रेता हसला. "आजी, दिवसाला पन्नास जण असंच चुकतात."

बायकोने मूर्ती विक्रेत्याकडे दिली, त्याने पाटावर ठेवून बाजूला काढली. मी तिथेच उभा होतो. माझ्या डोळ्यांसमोर गड्याच्या सामानाचं पान होतं. तोही आपल्याकडे तोंड करून उभा होता. एरवी खेळताना तो वरून, पाठमोरा आणि बोटभर दिसायचा, कुठल्या हातात काय ते कळायचं नाही. पण त्या पानावर तो समोरून होता. मग उजवीकडची चौकट त्याच्या डाव्या हाताची. सात महिने मी बारीक तलवार त्याच्या डाव्या हातात दिली होती आणि रुंद, जड तलवार उजव्यात. वेग धरला जात होता तो जड तलवारीचा. आमच्या धंद्यात तर ड्रॉइंग वाचण्याचा पहिला धडाच हा असतो, की उजवीकडून बघितलेली बाजू कागदावर डावीकडे काढतात.

"काय झालं तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आणि आई हारफुलं आणायला गेल्या. मी संगणक लावला, तलवारींची अदलाबदल केली, खेळातल्या गावाबाहेर एका दगडी राक्षसावर वार मोजले. पंचवीस. पुन्हा मोजले, पंचवीस. माऊस माझ्या उजव्या हातात होता. तो डाव्या हातात घेतला आणि वेड्यावाकड्या बोटांनी मोजले. तेवीस, चोवीस, पंचवीस. मला सवय नसतानाही.

म्हणजे चपळाईतला एकही पॉइंट लागत नव्हता. एकशे तीसच्या एकशे तीस वाया. गड्याचं आयुष्य पंधराशे असतं, ते अकराशे दहा होतं, आणि ते परत मिळणार नव्हतं. आणि तिच्या हातात काही दोष नव्हता.

यानंतर मी जे केलं ते लिहायला नको वाटतं. मी तलवारी पुन्हा होत्या तशा, चुकीच्या लावल्या आणि संगणक बंद केला.

सणाचे दिवस त्यातच गेले. आरतीला टाळ वाजवताना मी मनात आकडे करत होतो. छापील पानांनुसार पालीची आग लागली तर नऊशे ते बाराशे पन्नास या दरम्यान आयुष्य जातं. पंधराशे आयुष्य असतं तर एका आगीने गडी कधीच मेला नसता. अकराशे दहा असताना शंभरातल्या साठ वेळा वाचेल, चाळीस वेळा जाईल. पालीला मारायला दोनशे वार लागतात. ती दर वीस सेकंदांनी आग टाकते, आणि दर वेळी बाजूला होऊन परत यायला पाच सेकंद जातात. चुकीच्या तलवारींनी एकशे तीस सेकंद, सहा आगी. बरोबर लावल्या तर शंभर सेकंद, आणि पाचवी आग नेमकी शंभराव्या सेकंदाला. पाल मरायची वेळ आणि पाचव्या आगीची वेळ एकच.

एक सोपा मार्ग होता. रविवारी ती चहा टाकायला उठली की गुपचूप तलवारी बदलायच्या. वार वाढले तर म्हणायचं, संगणक आज बरा चालतोय. तिला कळलं नसतं. पण तिने उतरायचं की थांबायचं हे ती माझ्या आकड्यांवरून ठरवणार होती, आणि तक्त्यात खोटा आकडा ठेवून मी आयुष्यात कधी सही केली नव्हती. शिवाय तिचा तो हात होताच. रोज बघत होतो. ताट वाढताना उजवा, पाणी देताना उजवा.

रविवार आला. मिसळ झाली. दोन वाजता वीज होती. आई आतल्या खोलीत वाती वळत बसली. बायकोने खुर्ची ओढली, माऊस डाव्या हातात घेतला, गड्याला भुयाराच्या तळाशी, पालीच्या दारापर्यंत नेलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बाटल्या?"

"चार आहेत. थांब जरा. आत जाऊ नकोस."

"का?"

"तलवारी उलट्या लागल्यात."

तिला कळलं नाही. मी सामानाचं पान उघडून बोट ठेवून दाखवलं. ही त्याची उजवी, ही डावी. मांडवातली मूर्ती आठव. मग सगळं सांगितलं, पंधराचं, वीसचं, पंचवीसचं, एकशे तीस पॉइंटचं. ती पडद्याकडे बघत होती.

"म्हणजे माझ्या हाताचं काही नव्हतं."

"नव्हतं."

"आणि तुमचे सोळा आले होते ते?"

"मोजण्यातला फरक. तेवढा होतोच."

"हे तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

मी खरं तेच सांगितलं. "माहीत असायला हवं होतं. माझं कामच ते आहे."

"आणि हे उलट्याचं? कधी कळलं?"

"मूर्ती घेतली त्या दिवशी."

तिने बोटांवर दिवस मोजले. मला ते बघवेना. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्यावर गेली.

आतून आईने विचारलं, "काय गं, काय झालं? एवढं गप्प का?"

"काही नाही, आई. ह्यांना डावं-उजवं कळत नाही."

"लहानपणापासून," आई म्हणाली. "चपला उलट्या घालून शाळेत जायचा."

बायको हसली नाही. तिने स्वतः तलवारी बदलल्या. बारीक तलवार पडद्याच्या डाव्या चौकटीत, रुंद उजवीत. पान बंद केलं. मी म्हणालो की आज उतरू नये. अजून दहा लेव्हल वाढवल्या तर पन्नास पॉइंट मिळतील, आयुष्य बाराशे साठ होईल, मग कुठलीच एक आग गड्याला मारू शकणार नाही. चार महिने लागतील. आज उतरलो तर एक चूक झाली की शंभरात चाळीस.

"हे आकडे बरोबर आहेत?"

"आहेत. तीनदा केलेत."

"अडीच महिने मी उजव्या हाताने खेळले," ती म्हणाली. "दलदलीत तो मेला असता तर तुम्ही म्हणाला असता, डावखुऱ्या माणसाचं असंच होतं."

"असं नसतो म्हणालो."

"तोंडाने नसता."

मी बाटल्यांच्या कळांवर बोटं ठेवली.

"कीबोर्डवरून हात काढा," ती म्हणाली. "बाटल्या मी बघते. तुम्ही पलंगावर बसा. मोजायचं असेल तर मोजा, पण मोठ्याने नाही."

मी पलंगाच्या कडेला बसलो आणि घड्याळ हातात घेतलं. तिने डावा हात माऊसवर ठेवला, उजव्याची चार बोटं बाटल्यांच्या चार कळांवर. एकदा कळा नुसत्या चाचपल्या. मग दारातून आत गेली.

पाल पडद्याच्या निम्म्याहून मोठी होती. गडी तिच्या पुढच्या पायाशी जाऊन भिडला आणि वार सुरू झाले. तो आवाज मी सात महिने ऐकत होतो, पण असा नव्हता. दोन आवाजांमध्ये फट राहत नव्हती. पालीच्या डोक्यावरची लाल पट्टी डोळ्यांना दिसेल अशी कमी होत होती.

साडेअठरा सेकंदांना मान वर गेली. बायकोने गड्याला पालीच्या पोटाला वळसा घालून मागे नेलं. आग समोर जाऊन भिंतीवर फुटली. पाचव्या सेकंदाला गडी परत भिडलेला.

दुसऱ्या वेळी तो मागे जाताना खांबाला अडला. मला दिसलं, तिलाही दिसलं. आग अंगावरून गेली. आयुष्य पंचाण्णव. एक हजार पंधरा गेले होते. आकडा बाराशेच्या बाजूचा निघाला असता तर तिथेच संपलं असतं. माझे हात आपोआप पुढे आले आणि हवेतच राहिले. तिच्या उजव्या हाताने पहिली बाटली दिली होती. ती खांबामागे सरकली, दोन-तीन सेकंद थांबली आणि पुन्हा आत घुसली. बाटली हळूहळू चढते, दहा सेकंदांत तीनशे. पूर्ण चढायच्या आत शेपटीचा एक फटका बसला असता तरी पुरे होता.

तिसरी आग चुकवली. दुसरी बाटली. आई दारात येऊन उभी राहिली, हातात कापूस तसाच.

"ही पाल का?"

मी पडद्याकडे बोट केलं.

चौथी चुकवली. तिसरी बाटली. शेपटीचा एक फटका ओझरता लागून गेला होता. आयुष्य नऊशे साठ. घड्याळात सत्याण्णव. पालीची पट्टी करंगळीच्या नखाएवढी. मी आकडा केला, नको म्हणता झाला. नऊशे साठवर आग लागली तर वाचण्याची शक्यता शंभरात सतरा. चौथी बाटली होती, पण ती चढायला वेळ नव्हता.

साडेअठ्ठ्याण्णव. मान वर गेली. पट्टी रेघेएवढी राहिली होती. दोन वार लागतील की पाच, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नव्हतं. बाजूला व्हायला तिच्याकडे दीड सेकंद होता.

"बाजूला हो," मी म्हणालो.

ती हलली नाही. डावा हात होता तिथेच होता. त्याच्या फक्त पहिल्या बोटाची दोन पेरं हलत होती, एकसारखी. पालीच्या तोंडात पिवळं भरायला लागलं. मी घड्याळाकडे बघितलं की पडद्याकडे, ते मला आजही सांगता येत नाही.

पाल मान वर असतानाच कोसळली. तोंडातलं पिवळं विझून गेलं. गडी दोन्ही तलवारी खाली करून उभा राहिला.

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. बायकोने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि डाव्या हाताची बोटं उजव्याने चोळली.

"मेली का?" आईने विचारलं.

"मेली, आई."

"मग वास येईल," आई म्हणाली आणि वातींकडे परत गेली.

गडी एक लेव्हल वर चढला होता. पाच पॉइंट आले. मी पलंगावरून उठलो, तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. एरवी या वेळी मी सांगायचो, ती दाबायची. मी तोंड उघडलं नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मी बोलतो का ते बघायला असेल. मग पाचही आयुष्यात घातले, एकेक करून. अकराशे तेरा, सोळा, एकोणीस, बावीस, अकराशे पंचवीस.

"लिहून घ्या," ती म्हणाली.

मी लिहून घेतलं. त्यानंतरचे सगळे पॉइंट तिनेच वाटले.